शपथेची दोन बायबलं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात गोऱ्यांचं आणि काळ्यांचं सगळंच वेगळं होतं. कोर्टात शपथ घ्यायची बायबलंसुद्धा दोन होती. काळ्यांच्या बायबलावर तशी चिठ्ठीच चिकटवलेली असे.

त्या कोर्टात ओडेसा नावाच्या काळ्या शिंपिणीवर खटला उभा राहिला. गुन्हा काय, तर उपाहारगृहात गोऱ्यांच्या स्टुलावर बसून तिने कॉफी मागितली. मालकाने शिव्या दिल्या, डोक्यावर साखर ओतली. पण ती ना उलट बोलली, ना जागची हलली. आता तीस दिवसांचा तुरुंग समोर होता.

"शपथ घे," न्यायाधीश गुरकावले.

कारकून दोन्ही बायबलं घेऊन नुसताच उभा राहिला. गेल्याच आठवड्यात त्याने हौसेने दोन्हींना नवे पुठ्ठे चढवले होते, आणि जुन्या पुठ्ठ्याबरोबर चिठ्ठीही गेली होती.

"घे कुठलंही!" न्यायाधीश ओडेसावर खेकसले.

"नको साहेब. चुकून गोऱ्यांचं हातात आलं तर आणखी एक गुन्हा व्हायचा. माझं कुठलं ते आधी सांगा."

न्यायाधीशांनी दोन्ही चाळली, उजेडात धरून पाहिली. अक्षर न् अक्षर सारखं. सकाळीच यातल्याच एकावर हात ठेवून शपथ घेतलेला उपाहारगृहाचा मालक हळूच तळहात पँटला पुसू लागला.

"यात ओळखायचं तरी काय?" न्यायाधीश वैतागले.

"तेच म्हणते मी," ओडेसा म्हणाली. "इतकी वर्षं हाताळून तुम्हाला देवाचं पुस्तक ओळखू येईना. मी तर त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसले होते, साहेब. ते गोऱ्यांचं आहे, हे माझ्या बुडाला कसं कळावं?"