आधी पोचणारी कप्पी

आटपाट मैदान होतं. तिथल्या एका कंपाउंड धनुष्याच्या दोन टोकांना दोन कप्प्या होत्या, सख्ख्या बहिणी. दोरी ओढली की दोघी फिरायच्या आणि वरची नेहमी फेरा संपवून आधी पोचायची. तिला त्याचा कोण ताठा.

दोरीवरचा बाण मात्र धास्तावला होता. त्याचा थोरला भाऊ सकाळीच नेम चुकून निशाणामागच्या दगडी बांधावर फुटला होता, आणि आता अंतिम फेरी तोंडावर आली होती.

धनुष्य चालवणाऱ्या सुगंधाताईंनी बाणाला ताणलेल्या कागदातून सोडून पाहिलं. वरची कप्पी आधी पोचल्यामुळे दोरी तिरकी सुटली. तो शेपूट उडवत पार झाला आणि कागदाला गोल भोकाऐवजी लांब उभी चीर पडली. ताईंनी ती निरखली, आणि कप्प्यांना जोडणाऱ्या केबलचा पीळ बदलून वरच्या कप्पीला जरा मागे आणलं.

"रेंगाळते ती, आणि कान माझे पिळता?" वरची धुसफुसली.

"शर्यत तुमची," बाण म्हणाला, "पण बांधावर डोकं माझं फुटतं."

शिट्टी झाली. दोरी ताणली गेली. वरची कप्पी दातओठ खात बहिणीच्या बरोबरीनं फिरली. दोरी सुटली.

"आता सांग, आधी कोण पोचलं?" तिनं विचारलं.

उत्तर द्यायला बाण तिथं नव्हताच. तो निशाणाच्या पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध रुतून अजून थरथरत होता.