कोपऱ्यातली हळद

“मन पुरतं साफ झालं, हे माणसानं ओळखायचं कशावरनं, अप्पाजी?”

प्रश्न महालिंग शेटेचा. पण विचारण्याची तऱ्हा अशी, की उत्तर याच्या खिशातच आहे आणि अप्पाजींनी नुसती मान डोलवायची.

अप्पाजी मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी चार दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“कुणाचं मन?”

“माझंच म्हणा की.”

“मग तूच सांग.”

महालिंग याचीच वाट बघत होता. सांगलीत त्याची हळदीची गिरणी होती, बाजारात नाव होतं. डोंगरावरच्या या मठात तो दर सोमवारी येई. आज मात्र दीक्षा घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं ठरवूनच आला होता.

“आमच्या अण्णाचंच घ्या,” तो म्हणाला. “सख्खा थोरला भाऊ. भर सौद्यात, सगळ्या बाजारासमोर म्हणाला, ‘ह्याला हळदीतलं काय कळतंय?’ त्या दिवशी मी वेगळा झालो. पाच वर्षं झाली, बोलणं नाही. पण आता मला त्याचं काहीच वाटत नाही. मनातनं पार पुसून टाकला.”

“बरं.”

“उद्या त्याच्या पोरीची, भागीची हळद हाय. पत्रिका आलीय. मी जाणार नाही. रागानं नव्हं हां, अप्पाजी! तिकडं आता मनच जात नाही.”

“हं...”

“तर दीक्षा द्या.”

अप्पाजींनी उरलेल्या शेंगा सावकाश फोडल्या, टरफलं गोळा केली, धोतर झटकलं आणि उठले.

“गाडी नवी घेतलीस म्हणं. दाखव की.”

गाडी चिंचेखाली उभी होती. महालिंगने अप्पाजींना पुढे बसवलं, स्वतः स्टिअरिंगमागे बसला, गाडी चालू केली आणि एसी सोडला. गुरूंना उकडायला नको!

“लई गार हाय रे हे. हा वारा बारीक कशानं होतो?”

महालिंगने गोल बटण दाखवलं. अप्पाजींनी ते मागेपुढे फिरवून बघितलं आणि लहान पोरासारखे हसले.

मग पडद्याची पाळी आली. डॅशबोर्डच्या मधोमध चांगला पाटीएवढा पडदा. हा नकाशा, ही गाणी, हा फोन. महालिंग एकेक उघडून दाखवत होता आणि अर्थातच फुगत होता.

“बोट टेकायचा अवकाश, अप्पाजी. फोन लागलाच!”

“आणि हे पिवळं काय?”

पडद्याची काच डॅशबोर्डला जिथे टेकते, तिथल्या फटीत पिवळी रेघ होती. उन्हाची तिरीप पडली की चमके. खालच्या कोपऱ्यात तर चिमूटभर साठलं होतं.

“हळद हो. गिरणीच्या दारात उभी असती गाडी. कुठनं शिरती, कळत नाही. रोज पुसतो, पण त्या कोपऱ्यात बोटच जात नाही.”

“जात नाही होय... बाकी सगळी साफ?”

“आरशासारखी!”

“मग तेवढं काढ. मी बसलोय.”

महालिंगला वाटलं, आलं ध्यानात. ही परीक्षा. एवढी हळद काढली की दीक्षा मिळालीच. तो बाह्या सारून कामाला लागला.

कप्प्यातून त्याने मऊ ब्रश काढला. खाली कोरडं फडकं धरून फटीतून हलक्या हाताने ब्रश फिरवला. ओल्या फडक्याला हात लावला नाही. पाणी लागलं की हळद धरून बसते, एवढं त्याला कळत होतं, भर सौद्यात कुणी काही का म्हणेना.

कडा निघाल्या. कोपरा ढिम्म हलला नाही.

मग त्याने डॅशबोर्डवरच्या देवापुढची विझलेली उदबत्ती घेतली. तिच्या काडीच्या टोकाला चिंधी गुंडाळली. एरवी तो गाडी बंद करूनच पडदा पुसायचा. काळ्या काचेवर धूळ नीट दिसते आणि भलतं काही दाबलंही जात नाही. आज अप्पाजींना गारवा हवा म्हणून सगळं चालू होतं.

तो पुढे वाकला. तोल सावरायला डावा तळहात काचेवर टेकला. काडी कोपऱ्यात शिरली...

आणि गाडीभर फोनची रिंग घुमू लागली.

तळहाताने फोन लागला होता, पडद्यावर ठळक अक्षरं आली होती. अण्णा.

पार पुसून टाकलेला माणूस फोनमध्ये मात्र सगळ्यात वर बसला होता. महालिंगचे कान तापले. तांबडं बटण समोरच होतं, एक बोट लावलं की काम तमाम. त्याने चोरून अप्पाजींकडे बघितलं.

अप्पाजींनी हात पुढे केला आणि एसीचा वारा बारीक केला.

गाडीत एकदम शांत झालं. रिंग तेवढी वाजत राहिली. महालिंगचं बोट तांबड्या बटणापाशी जाऊन थांबलं.

“हॅलो... महालिंगा?” गाडीभर अण्णाचा आवाज आला.

महालिंगने बोट मागे घेतलं.

“महालिंगा, काय झालंय? घरी सुनंदा बरी हाय नव्हं? पोरं? अरे बोल की! अपघात-बिपघात नाही नव्हं झाला? कुठं हायस सांग, मी निघतो.”

पाच वर्षांनी धाकट्याचा फोन आला, तर या माणसाच्या मनात पहिलं आलं ते हे. अण्णाला ऐकवायची म्हणून किती वाक्यं त्याने घोकून ठेवली होती. ती सगळी घोकलेलीच राहिली.

“बरं हाय सगळं,” तो कसाबसा म्हणाला.

पलीकडे अण्णाने सोडलेला श्वास गाडीत ऐकू आला.

“उद्या...” अण्णा म्हणाला.

“ठाऊक हाय.”

“हळद तुझ्याच गिरणीची आणलीय. दुकानातनं, पुडा. भागी अडून बसली, काकाचीच पाहिजे म्हणून. आन् खरं सांगू का... मीबी दुसरी आणली नसती. पण तुला मागायला तोंड नव्हतं.”

महालिंगने हातातल्या काडीकडे बघितलं. तिच्या टोकाची चिंधी पिवळी झाली होती.

“पुड्यातली लावू नकोस तिला,” तो एकदम म्हणाला. आवाज चिरका निघाला. “कवा दळलेली असंल, कुणास ठाऊक. मी आणतो. आत्ता जाऊन दळतो.”

“ये,” अण्णा म्हणाला. “लवकर ये, बाबा.”

फोन बंद झाला. महालिंगने बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, पट्टा लावला. गिरणी अजून उघडी असेल का, कामगार गेले असले तर आपणच बसायचं, हळकुंडं कुठली काढायची, सगळं त्याच्या डोक्यात एकदम सुरू झालं. दीक्षा कुठल्या कुठे राहिली.

अप्पाजी उतरले. दार लावू लागले, तेव्हा कुठे महालिंग भानावर आला. फार ओशाळला. काडी अजून हातातच होती. तो घाईने परत पडद्याकडे वाकला.

“कोपरा राहिलाच की, अप्पाजी! थांबा, एवढं काढतो आणि मग...”

अप्पाजींनी उघड्या दारातून हात घालून ती काडी त्याच्या हातातून काढून घेतली.

“राहू दे. उद्या आणखी उडंल.”