सुटलेल्या चिठ्ठ्या

"मातीचा रंग बघून ती किती खोलवरची ते मी सांगतो," अशी फुशारकी मी, साइटचा इंजिनियर, सगळ्यांसमोर मारायचो. खाडीकाठी शाळेच्या पायासाठी, माती तपासायला बोअर घेत होतो. उन्हाला कंटाळून मी दीड मीटरवरच काम थांबवलं. तीन, सहा आणि नऊ मीटरच्या नमुन्यांच्या पिशव्या वरच्याच मुरमाने भरल्या, चिठ्ठ्या बांधल्या.

ड्रिलर हसुराम भोईर बघत होता. थोड्या वेळाने त्याने पिशव्या माझ्यापुढे मांडल्या. चिठ्ठ्या त्याच्या मुठीत होत्या.

"साहेब, या सुटल्या. तुम्ही तर रंगावरून ओळखता. बांधा पाहू जिची तिला."

माणसं कौतुकाने जवळ आली. मी पिशव्या उघडल्या. मान वर होईना.

"मशीन परत भोकावर लाव," मी पुटपुटलो.

"तिथून काढलंच नव्हतं, साहेब."