उलट्या बाजूला बघणारा चक्रवाक

दूर चीन देशात एकदा काय झालं, शूयिंग नावाच्या मुलीच्या बाबांना बादशहाच्या दरबारात जागा मिळाली. तिथे प्रत्येक अधिकाऱ्याच्या छातीवर रेशमाने भरलेला एक चौकोन असे, बरं का. चौकोनात एक पक्षी. सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याचा करकोचा. बाबांचा हुद्दा सातवा, म्हणून त्यांचा चक्रवाक. वर कोपऱ्यात सूर्य, म्हणजे बादशहा. पक्ष्याने बघायचं ते सूर्याकडेच. आणि चौकोन ज्याचा त्याने घरी भरून घ्यायचा.

शूयिंगने महिनाभर मान मोडून तो भरला आणि अंगरख्यावर शिवला. नमुना घेतला काकूच्या झग्यावरून. नवऱ्याचाच पक्षी बायकोच्या झग्यावरही असे, आणि काकाही सातव्याच हुद्द्याचे होते ना!

दरबाराच्या दिवशी सकाळी काकू आली. अंगरखा बघितला आणि मटकन खालीच बसली.

"अगं बये! हा तर बायकांचा!"

"बायकांचा म्हणजे?"

"नवराबायको शेजारी बसले की दोघांच्या पक्ष्यांनी एकमेकांकडे बघायचं. म्हणून आम्हा बायकांचा उलट्या बाजूला बघतो. आता शंभर पक्षी एकीकडे बघणार आणि तुझ्या बाबांचा एकटा दुसरीकडे! परवा एकाने टोपी वाकडी घातली, तर त्याला वाळवंटात धाडलं. अजून परत नाही आला."

काकू धावली बाबांना पेज वाढायला. तेवढाच वेळ मिळेल!

मग शूयिंग चक्रवाकाला म्हणाली, "पाया पडते, तोंड फिरव."

"फिरवलं असतं गं," चक्रवाक म्हणाला, "पण सूर्याला पाठ होईल. माझी मान उडवतील."

मग ती सूर्याला म्हणाली, "तू सरक ना पलीकडे."

"सरकलो असतो. पण तिथे ढग बसलाय."

मग ती ढगाकडे वळली. ढग फुरंगटलेलाच होता.

"आता आठवण झाली होय? सगळ्यांना बारीक टाके, आणि मला उरल्यासुरल्या धाग्याचे चार! अर्ध्या ढगाने चालायचं कसं?"

खरंच होतं त्याचं. आणि घरात धागा संपलेला! दारात पालखी आली. भोई ओरडले, "साहेब, चला! उशीर झाला तर आमची पाठ सोलून निघेल!"

मग शूयिंगने डोक्यावरचा एक लांब केस उपटला आणि सुईत ओवला. घाईघाईत सुई तीनदा बोटात गेली. तरी एकही टाका मोठा घातला नाही. ढग पुरा झाला. हळूच सरकला. मग सूर्य हलला. तेवढ्यात बाबा आले, अंगरखा चढवला आणि पालखीत बसून गेलेसुद्धा!

चक्रवाक अजून उलट्याच बाजूला बघत होता.

दिवसभर शूयिंग दारात बसून राहिली. संध्याकाळी पालखी आली. आतून बाबा उतरले, हसत हसत.

"काय गंमत झाली पोरी! बादशहा रांगेतून चालत आले ते माझ्यापुढेच थांबले. म्हणाले, 'तुझा पक्षी धापा का टाकतोय?'"

"मग?"

"मी म्हटलं, हुजूर, नवखा आहे. आपल्याला बघायला पळत आलाय. हसले आणि गेले पुढे."

शूयिंगने बघितलं. चक्रवाक सूर्याकडे तोंड करून बसला होता, आणि त्याचं पोट अजून खालीवर होत होतं.

मग सगळे पोटभर जेवले आणि पुढे सुखाने राहिले. चक्रवाकाचाही श्वास शांत झाला. आता तुमचा होऊ दे. वळा बघू कुशीवर.