उपडं मडकं

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. किती जुनी म्हणून विचारू नका, मलाही ठाऊक नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला एक तळं. तळ्यातून पाट निघे आणि सगळ्या शेतांना पाणी देई. कोणाला कधी पाणी सोडायचं हे ठरवणारा एक माणूस असे. त्याला पाटकरी म्हणत. पाटकऱ्याने फळी उचलली तर मळा हिरवा, नाही उचलली तर बसा हरी हरी करत.

दरवर्षी पेरणीआधी गावाने पाटकरी निवडावा, अशी पूर्वजांनी रीत घालून दिली होती. चावडीपुढे दोन भांडी मांडायची, एक तांब्याची घागर आणि एक मातीचं मडकं. आहे तोच पाटकरी हवा असेल त्याने घागरीत चिंचोका टाकायचा, दुसरा हवा असेल त्याने मडक्यात. घराला एक चिंचोका. इतकी साधी रीत.

पण गंमत बघा. पाटकरीपण आताच्या पाटकऱ्याच्या आज्यापासून एकाच घरात चालत आलं होतं. त्या आज्याने एका वर्षी मडकं उपडं घातलं, म्हणे आत धूळ जाते. मग ते तसंच मांडायची वहिवाट पडली. हळूहळू लोक म्हणू लागले, त्याला हात लावू नये, अपशकुन होतो. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कोणालाच सांगता येईना. चांगली शहाणीसुरती माणसं, पण मुकाट्याने घागरीत चिंचोका टाकत. टण्ण आवाज झाला की निघाले घरी.

पाटाच्या अगदी शेवटाला गोजरा नावाची विधवा राहायची. तिचा विड्याच्या पानांचा मळा होता. पानवेल भारी नाजूक, पाण्याची पाळी चुकली की मान टाकते. आणि गोजराच्या पाळ्या सारख्या चुकत होत्या. वर पाटकऱ्याच्या सोयऱ्यांचा ऊस मात्र डोलत होता. तिने जाऊन गाऱ्हाणं घातलं, तर पाटकरी हसून म्हणाला की पाणी आधी वरच्यांना मिळतं, त्याला तो काय करणार! अर्धा मळा डोळ्यांदेखत वाळला. उरलेल्या अर्ध्यावर तिची लेकरं जगत होती.

निवडीच्या आदल्या दिवशी पाणवठ्यावर तिने बायकांना हळूच विचारलं, मडकं सुलटं केलं तर काय होईल? बायकांनी हंडे उचलले आणि चालू लागल्या. अशी गोष्ट पाटकऱ्याच्या कानावर जायला वेळ लागतो होय? संध्याकाळी तो स्वतः तिच्या बांधावर आला. एका वेलीवरून हात फिरवत म्हणाला, "वहिनी, वेली छान आहेत. जपा त्यांना."

एवढंच बोलून तो गेला.

सकाळी चावडीपुढे रांग लागली. गोजरा लवकर येऊन पुढेच उभी होती. पाटकरी घागरीशेजारी बसून ज्याचा त्याचा हात न्याहाळत होता. टण्ण. टण्ण. तिची पाळी आली. मुठीत चिंचोका होता. टाकावा घागरीत आणि जावं घरी, असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला सांगू? मग तिला वाटलं, आजवर घागरीतच तर टाकत आले, तरी वेली वाळल्याच ना? ती खाली वाकली आणि तिने मडकं सुलटं केलं.

आभाळ काही कोसळलं नाही. मडक्याखाली चार मुंग्या होत्या, त्या पळाल्या.

गोजराने चिंचोका आत टाकला. मातीच्या मडक्यात तो कसला वाजणार? पाटकरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता हिच्या मळ्याला देवच पाणी घालो."

गोजरा घराकडे चालू लागली. मागे वळून बघायचा तिला धीर होईना. मागून टण्ण आवाज आला. पुन्हा टण्ण. संपलं सगळं, तिला वाटलं, आता लेकरांना काय खाऊ घालू?

पुढचा आवाज आलाच नाही.

ती थांबली. त्याच्या पुढचाही आला नाही. शेवटी तिने मान वळवली. रांग तर पुढे सरकत होती. माणसं एकमेकांकडे न बघता खाली वाकत होती आणि घागर गप्प होती. पाणवठ्यावरच्या बायकाही त्याच रांगेत होत्या. पाटकऱ्याचा चेहरा उतरला होता.

दुपारी दोन्ही भांडी रिकामी केली, तेव्हा मडक्यातला ढीग मोठा निघाला. लोक चकितच झाले. जो तो समजत होता की नाराज आहोत ते आपण एकटेच!

मग गावाने केरबा नावाच्या गावकऱ्याला पाटकरी केलं. त्याने पहिलं पाणी पाटाच्या शेवटाला पोचवलं. उरलेल्या वेलींनी मान वर केली. वाळल्या त्या गेल्याच, त्या जागी गोजराला नव्याने लावण करावी लागली. केरबा बांधावर उभा राहून ती काही कौतुक करते का, याची वाट बघत होता.

"पाणी पोचलं, फार बरं झालं, केरबा," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षीही मडकं सुलटंच मांडायचं. तू असलास तरी."

केरबा जरा ओशाळला, पण हो म्हणाला.

तात्पर्य: जो हक्क आपण वापरायचंच सोडतो, तो कोणाला हिरावून घ्यावा लागत नाही.