धुरपदाची शेगडी

त्यो जो पारावर बसून म्हनतो ना, बाळंतिनीचं अंग चोळायचं ह्यो काय धंदा हाय व्हय, ती तर घरातल्या बायांची कामं, त्येला जाऊन इचारा, ज्या पोरीला आई न्हाई तिनं काय करायचं? भिताडाकडनं तेल लावून घ्यायचं? आदी गप बसून ऐक म्हनावं.

नदीच्या वळनाला एक गाव व्हतं. तिथं धुरपदा नावाची बाई ऱ्हायाची. हाताला असा गुन, की किती बी रडतं प्वार तिच्या पायावर न्हाऊ घातलं की झोपायचं. नवरा गेला. दुसऱ्याच्या रानात खुरप्यानं भांगलून भांगलून तिची कंबार धरली. मंग तिनं ठरवलं, आता बाळंतिनी सांभाळायच्या. तेल, न्हानी, धुरी, खाटंखाली शेगडी, ओवा-शेपा, डिंकाचा लाडू, समदं धुरपदा करनार. घरच्यांनी निस्तं दार उघडायचं.

गाव हसलं. "बाळंतपनाचं दुकान काढलंय बयानं. वजनावर देती का मापावर?"

पयलं बोलावनं आलं गुऱ्हाळवालीच्या घरनं. तिची सून बाळंत झालेली. सुनंला माहेर न्हाई आन् सासूचं गुडघं गेल्यालं. धुरपदाला रातभर झोप न्हाई. हितं हाताला यश आलं तर गाव आपल्या दारात, न्हाई तर परत खुरपं.

सुरवातीचं दिस बरं गेलं. मंग सुनंचं अंग तापाय लागलं.

"मावशी, हुडहुडी भरतीया," सून म्हनली.

सासू दारातनं म्हनली, "वारं शिरलंय तिच्या अंगात. धुरपदे, शेगडी वाढीव."

धुरपदानं निखारं वाढवलं. अंग आनखी तापलं. हात लावला की धुरपदा चटकन मागं घ्यायची. पन मनाची समजूत काढायची, खाली इस्तू हाय, अंग तापनारच की. आपलीच शेगडी लागू पडली म्हनायची.

पाचवीचा दिस उजाडला. घरात सटवाईच्या पूजंची गडबड. धुरपदानं सुनंचं कापड बदलाय घेतलं आन् तिचा हात थांबला. ओव्याच्या धुराखाली दुसराच वास व्हता, काय तरी सडल्यावानी. प्वार शेजारी रडत व्हतं, आन् सून त्येच्याकडं बघंना. तिची नजर आढ्याला.

धुरपदा दोन्ही बाजूनं इचार करू लागली. बोलावं, तर पयलीच बाळंतीन दवाखान्यात गेली म्हनून गाव बोंबलंल. हिचा हातच वंगाळ म्हनत्याल. न बोलावं, आन् ही खरंच शेगडीचीच आग असली तर बरं. पन नसली तर?

तिनं खाटंखालची शेगडी वढली आन् अंगनात नेऊन ठिवली. खिडकी उघडली.

"अगं ए, येडी का खुळी?" सासू गुडघं धरत आली. "वारं लागंल तिला."

"वाईच दम धरा, आक्का."

धुरपदा खाली बसली. खाट निवली. भुई निवली. बाहीर ठिवलेल्या शेगडीवर बी राख धरली. मंग तिनं सुनंच्या कपाळावर हात ठिवला.

हात पोळला.

"आक्का, ही शेगडीची आग न्हवं. हिच्या आतच काय तरी बिघाडलंय. गाडी जुंपाय सांगा."

"आज? आज पाचवी हाय. सटवाई प्वाराचं नशीब लिव्हाय येनार, आन् मायलेकरं घरात न्हाईत?"

"तिला तुमचं घर गावतंय, तर दवाखाना गावनार न्हाई व्हय?"

"लई शानी झालीस. ह्या उंबऱ्यातनं बाळंतीन बाहीर काढलीस, तर तुला गावात कोन दारात उभं करनार न्हाई. मी सवता घरोघर सांगंन."

तरी धुरपदानं प्वार उचलून पदराखाली घेतलं.

"सांगा. पन आदी गाडी जुंपा."

सुनंचा नवरा दारात उभा व्हता. त्येनं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आन् गाडी जुंपाय गेला.

वाटंनं सून मधीच बरळायची, मधीच गप व्हायाची. गप झाली की धुरपदा तिच्या नाकाम्होरं हात धरायची. दवाखान्यातल्या बाईनं तपासलं, प्वारामागनं जी वार पडती, तिचा तुकडा आत ऱ्हायला व्हता. "दिस मावळू दिला असता तर पोरगी हातची गेली असती," ती म्हनली.

सून वाचली. सासूनं बी बोलली तसं केलं, घरोघर सांगितलं. धुरपदा खुरपं घिऊन परत रानात. कोन बोलवंना. पन सून काखंत प्वार घिऊन पान्याला जाया लागली, तशा बायका तिला इचारू लागल्या, आन् ती झालं त्ये सांगू लागली.

एक दिस एक गरवार पोर बांधावर येऊन उभी ऱ्हायली. "मावशी, तुमी शेगडी काढून बघता म्हनं. माझं दिस भरत आल्यात."

धुरपदानं खुरपं बांधावर टाकलं आन् तिच्या मागं निघाली.

तात्पर्य: जिला आपल्या हाताच्या नावापरास बाळंतिनीचा जीव मोठा वाटतो, तिनंच ह्यो धंदा करावा, आन् गावानं तिलाच बोलवावं.

आता तुमच्या घरात कोन बाळंतीन असंल, तर हितं ऐकत बसू नगा. उठा. घरला जावा आन् तिला ताप हाय का बघा.