वाकेघळच्या गुरवाची भाकरी

वाकेघळच्या पठारावर एक वीरगळ उभा आहे. वीरगळ म्हणजे लढून पडलेल्या माणसाच्या नावाने कोरलेला दगड. जत्रेच्या दिवशी गावचा गुरव त्याची गोष्ट सांगतो, आणि परगावचा कुणी ती परत सांगेपर्यंत जेवत नाही. पाहुणे हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही.

असे सांगतात की फार पूर्वी धाकोजी गुरव या दगडाची राखण करी. दगड राणू गवळ्याचा. चोरांनी गावच्या गाई पळवल्या तेव्हा तो एकटा आडवा गेला. गाई परत आल्या, राणू पडला. एवढीच गोष्ट. पण धाकोजी ती राणूच्या अठरा पिढ्यांपासून धरी, जड शब्दांत, डोळे मिटून. राणू मरायच्या आत लोक पेंगत. धाकोजीला वाटे, गोष्ट मोठी, लोक हलके.

एका वर्षी ओढ्याला बांध घालायचा ठरला. धाकोजी पठारावर चढला, तो शेजारच्या गावची येसू पाथरवटीण वीरगळाला छिन्नी लावून बसलेली. एक टवका उडालाही होता.

"हात झडोत तुझे! राणूचा दगड आहे तो!"

"कोण राणू?"

"चाळीस वर्षं घसा कोरडा करतोय मी! दर जत्रेला पुढ्यात बसतेस ना?"

"बसते की. तुम्ही डोळे मिटता, मग आम्हीही मिटतो."

बांधासाठी दगड न्यायला आलेली माणसे खो खो हसली. धाकोजीने एकेकाला विचारले. कुणाला धड सांगता येईना. एकाने तर राणूलाच चोर केले. धाकोजी दगडाला पाठ लावून बसला. "तुमच्यातला एक तरी ही गोष्ट मला नीट सांगेपर्यंत अन्न घेणार नाही. तोवर दगडाला छिन्नी लावायची नाही."

पहिल्या दिवशी त्याने अठरा पिढ्या सांगितल्या. सातवीपुढे कुणी गेले नाही. दुसऱ्या दिवशी नऊ सांगितल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणे, त्याच्यात बसण्याचेही त्राण नव्हते. पडल्या पडल्याच तो येसूला म्हणाला, "दगडावर हात फिरव. खाली गाई. त्यांच्यापुढे राणू. वर अप्सरा त्याला नेताहेत. अगदी वर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर त्याचं नाव."

येसूने हात फिरवला आणि सगळी गोष्ट सांगितली. वर म्हणाली, "राणू पडला, तेव्हा बांडी गाय मागं वळली."

"बांडी गाय कुठून आणलीस?"

"ही काय, मान वळवून बघतेय."

"दगडात रंग दिसतो होय गं?"

"मान तर दिसते ना, गुरवबाबा?"

धाकोजीने डोळे ताणून पाहिले. चाळीस वर्षांत त्याने ती गाय पाहिली नव्हती.

येसूने छिन्नी पदरात बांधली. बांधाचा दगड दूरच्या टेकडीवरून आला.

आजही परगावचा माणूस गोष्ट परत सांगताना कुठेतरी चुकतोच. कुणी गाय काळी करतो, कुणी राणूला घोडा देतो. गुरव कपाळावर हात मारतो, आणि भाकरी मोडतो.